घर, दाभण आणि अकरा अर्ज यांची विल्हेवाट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौपन्न, धंदा नोकरी, एका माध्यमिक शाळेचा कार्यालय अधीक्षक, आज शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती हवी त्यापेक्षा जास्त शाबूत आहे. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि मी कोणत्याही नशेच्या अमलाखाली नाही. रागात मात्र आहे. राग हा नशेत मोडतो का, हे मी आमच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "नशेत नाही, रक्तदाबात मोडतो. बुधवारपर्यंत जरा आवरा."

बुधवारी, नऊ तारखेला, माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, शंभरात दोन-तीनच दगावतात." मी छत्तीस वर्षे शाळेत काढली आहेत. शंभरात दोन-तीन म्हणजे प्रत्येक वर्गात एक तरी असतो, आणि त्याचे नाव मला पाठ असते.

हे एक कारण. दुसरे असे की सोळा तारखेला आमच्या कार्यालयातल्या कनिष्ठ लिपिकेची चौकशी आहे. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणून या धाकट्या बाई. चोवीस फेब्रुवारीपासून त्या निलंबित आहेत. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाईल, आणि कामचुकार हा शिक्का घेऊन दुसरी मिळणार नाही. त्या प्रकरणात खरे काय झाले हे मला माहीत आहे. इतर कुणालाही नाही. ते मी कलम सहामध्ये लिहीत आहे. आधीची पाच कलमे कुणी वगळली तरी चालेल. सहावे वगळू नये.

कलम १. घर.

तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे आमचे घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात पूर्णपणे माझ्या पत्नीचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, की त्यात एकटीने ऐसपैस राहावे, तिचा प्रश्न. राहायला येणाऱ्या नव्या माणसाला इतकेच सांगावे: मागच्या खोलीतले कपाट भिंतीपासून दीड इंच पुढे आहे ते चुकून नाही, त्या भिंतीला ओल येते. बाथरूमचा नळ बंद झाल्यासारखा वाटला तरी अर्धा फेरा आणखी फिरवावा. खिडकीची खालची कडी आधी लावावी, वरची नंतर.

चहा द्यायला आलेली पत्नी एवढेच कलम वाचून म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मीच राहतेय ना इथे? मलाच नळ शिकवताय?" तिचे म्हणणे रास्त आहे. तरीही लेखी असलेले बरे.

कलम २. शिल्लक.

बँकेत आहे ते पत्नी आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. आकडे पासबुकात आहेत, इथे पुन्हा उतरवत नाही. मुलगी दुसऱ्या शहरात संगणकावर काम करते. ती मला नेहमी म्हणते, "बाबा, तुम्ही आठवडाभर करता ते एका क्लिकवर होतं." होते, बाळ. मग त्या क्लिकची छापील प्रत तीन प्रतींत मागवतात, त्यावर सही-शिक्का घेऊन समक्ष आणून द्या म्हणतात, आणि पत्र मंगळवारी पाठवून त्यात सोमवारपर्यंत म्हणतात. हे कोणत्या क्लिकवर थांबते ते शोध. माझा आशीर्वाद आहे.

कलम ३. हत्यारे.

माझे दाभण, लाकडी मुठीचे. फायलींना भोके पाडण्यासाठी यंत्र आले तेव्हा सगळ्यांनी आपापली दाभणे फेकली. मी फेकले नाही, कारण यंत्र वीस कागदांवर रडते. हे दाभण खालच्या गल्लीतल्या बाइंडरला द्यायचे मनात होते. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला लाभ देता येत नाही. त्याला हे समजावले तर म्हणाला, "मग मला साक्षीदार करू नका, दाभण द्या." माझ्या ओळखीत दुसरा वेळेवर येणारा माणूस नाही. त्यामुळे तो साक्षीदार, आणि दाभण मुलीला.

पोलादी फूटपट्टी, बारा इंची. तिच्यामुळेच शिक्षकांच्या खोलीत माझे नाव फूटपट्टी पडले. मला माहीत नाही असे त्यांना वाटते. ही पत्नीला, पडद्यांची मापे घ्यायला.

कलम ४. माझे थोरले बंधू.

वडील लवकर गेले. घरात एकालाच शिकवणे शक्य होते, आणि दादा थोरले. ते कॉलेजात गेले, मी अठराव्या वर्षी शाळेत शिपाई म्हणून लागलो. घंटा देणे, पाणी भरणे, हजेरीपट वर्गावर नेणे. मधल्या सुट्टीत कार्यालयातल्या मोडक्या टंकयंत्रावर मी टंकलेखन शिकलो. कुणी शिकवले नाही, उलट त्या वेळचे हेडक्लार्क म्हणायचे, "बोटं घंटेला लागतील तेवढी जप." परीक्षा बाहेरून दिल्या. सेवानियमांचे पुस्तक कार्यालयात एकच होते आणि ते कुलपात असे, म्हणून ते मी रोज दोन पाने असे हाताने उतरवून काढले. पंचविसाव्या वर्षी लिपिक झालो, एकेचाळिसाव्या वर्षी अधीक्षक.

आणि दादा आजही दर लग्नात माझी ओळख करून देतात, "हा आमचा धाकटा. शाळेत घंटा वाजवतो." लोक हसतात. मी एकोणतीस वर्षांत घंटेला हात लावलेला नाही.

दादांना माझ्या स्थावर-जंगमातले काहीही मिळू नये. अपवाद एकच. "तू नेमकं करतोस काय रे तिथे दिवसभर?" असे ते विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्याशी बोलू लागतात. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून माझ्या छत्तीस रोजनिश्या त्यांना द्याव्यात. पहिल्या पानापासून वाचाव्यात. मधूनच चाळू नयेत.

कलम ५. शाळा.

शाळेला मी काहीही ठेवत नाही. शाळेने माझ्याकडून घ्यायचे ते घेतले आहे. काही वस्तू मात्र मूळ मालकांना परत कराव्यात.

संस्थेच्या अध्यक्षांनी गेल्या तेरा वर्षांत मला पाठवलेल्या चिठ्ठ्या, एकूण एकशे सदतीस, तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीवर एकच वाक्य आहे: "आपला माणूस आहे, काम करावे." मी त्यांतली एकशे बारा कामे केली, कारण ती नियमात बसत होती आणि चिठ्ठीशिवायही झाली असती. उरलेली पंचवीस केली नाहीत. अध्यक्षांना यातला फरक आजवर कळलेला नाही. चिठ्ठ्या त्यांच्या त्यांना.

मोठ्या बाईंसाठी एक कागद, प्लास्टिकच्या वेष्टणात. बाई सही करतात, वाचत नाहीत. एकदा चाचणी म्हणून सह्यांच्या फायलीत मी एक कागद घातला. त्यावर टंकले होते: "मी हा कागद वाचलेला नाही." सही, शिक्का आणि तारीख घेऊन फाईल दहा मिनिटांत परत आली.

लोकांना वाटते शाळा म्हणजे फळा आणि खडू. शाळा म्हणजे गळणारी टाकी. एका दाखल्यावरून भांडणारे आई आणि बाप, दोन वेगवेगळ्या दारांतून आत आलेले. रजेचा अर्ज रजेवरून आल्यावर देणारे शिक्षक, आणि वर "साहेब, माणुसकी बघा" म्हणणारे. माणुसकी म्हणजे काय ते मी लिपिक झाल्यावर पहिल्याच महिन्यात पाहिले. नातीच्या दाखल्यासाठी एक म्हातारी तीनदा चालत आली आणि आमच्या हेडक्लार्कने दर वेळी एकच नवीन कागद सांगून तिला परत पाठवले. चौथ्या वेळी ती आली नाही. लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी मी खिडकीवर मोठ्या अक्षरात लावली ती त्या दिवशी. माझ्या कार्यालयात कुणाला दुसरा हेलपाटा पडू नये, एवढाच माझा धर्म. मी खडूस असेन. पण माझ्या खिडकीवरून माणूस एकदाच जातो.

आता धाकट्या बाईंचे.

कलम ६. अकरा अर्ज.

दहावीच्या परीक्षेचे अर्ज डिसेंबरात वरच्या कार्यालयात गेले. विद्यार्थी दोनशे बारा. फेब्रुवारीत प्रवेशपत्रे आली ती दोनशे एक. अकरा मुलामुलींचे अर्ज पोचलेच नव्हते. मी चार दिवस वरच्या कार्यालयाच्या बाकावर बसून खास परवानगी आणली आणि अकराही जण परीक्षेला बसले. नुकसान भरून निघाले, पण अध्यक्षांचे भागेना. बैठकीत ते म्हणाले, "पालक विचारणार, जबाबदार कोण? कागदोपत्री कुणीतरी दिसलं पाहिजे." गठ्ठ्यावर सही धाकट्या बाईंची होती. त्या म्हणाल्या, "मी दोनदा मोजले होते, सर. दोनशे बाराच होते." आणि मी, सगळ्यांसमोर, म्हणालो, "मोजले असते तर कमी कसे पडले, बाई?"

दोनदा मोजायला त्यांना मीच शिकवले होते.

पंधरा मार्चला, शनिवारी, मी वार्षिक मोजदादीसाठी डेडस्टॉक रजिस्टर उघडले. बाके, कपाटे, टेबले यांची ही नोंदवही, कार्यालयातली सर्वांत जड वस्तू, वर्षातून एकदाच उघडते. मधल्या पानांत टीपकागदाच्या घडीत अकरा अर्ज होते. अगदी सपाट.

मग आठवले. त्या दिवशी बाईंनी अर्ज मोजून ठेवल्यावर मी गठ्ठ्यावरून शेवटची नजर फिरवली. अकरा अर्जांवर फोटो तिरके चिकटवलेले होते. फार नाही, दोन-तीन अंश. माझ्याने पाहवले नाही. ओल्या कापसाने फोटो सोडवले, पट्टी लावून सरळ चिकटवले, आणि दाबाखाली वाळावेत म्हणून रजिस्टरात ठेवले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा निखळल्याचा ओरडा झाला. मी धावलो. खालून बाईंनी विचारले, "सर, गठ्ठा बांधू?" मी वरून म्हणालो, "बांधा, बांधा." चार वाजता परत आलो तेव्हा गठ्ठा गेला होता. मी कठड्याचा अहवाल लिहायला बसलो.

फोटो सरळच असावा असे कोणत्याही नियमात नाही. मी नंतर सगळे नियम पाहिले.

पंधरा मार्चला मी हे कुणालाही सांगितले नाही. सोमवारी सांगू म्हटले. सोमवारी तपासणी होती. मग छातीत कळ आली, मग तपासण्या, मग तारीख. आज वीस दिवस झाले. माझ्या मृत्यूनंतर हे कलम आणि माझ्या कपाटातले ते अकरा अर्ज चौकशी अधिकाऱ्यांना द्यावेत आणि धाकट्या बाईंना निर्दोष ठरवावे. चूक माझी आहे.

(कलम ६ एका रेघेने रद्द केले आहे, वाचता येईल असे. सही. वेळ दुपारी ३.४०. कारण खाली.)

इथवर लिहून झाले तेव्हा साडेदहा वाजले होते. पत्नी गोळ्या घेऊन आली आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. मी म्हणालो, "पाणी ठेव आणि जा." ती गेली नाही. तिने शेवटपर्यंत वाचले. मला वाटले, आता ही रडेल.

"अहो, हे उघडायचं कधी?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"आणि नाही गेलात तर?"

"नाही गेलो तर कपाटात राहील."

"सर्जन काय म्हणाले? शंभरातले सत्त्याण्णव वाचतात." तिने कागदावर बोट ठेवले. "म्हणजे तुम्ही जगलात की ती पोरगी बुडाली. असं लिहिलंय तुम्ही इथे. स्वच्छ अक्षरात."

मी संतापलो. तुला कार्यालयातले काय कळते, म्हणालो. छत्तीस वर्षांचे नाव आहे, म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यावर ओरडून झालं की शर्ट बदला. हा चुरगळलाय."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी शाळेत होतो. कलम सहामधला मजकूर तारीख घालून अर्जाच्या रूपात लिहिला, चार प्रती काढल्या, त्यांतली एक स्वतःसाठी. मोठ्या बाईंनी तो अर्ज वाचला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद वाचताना पाहत होतो. त्या म्हणाल्या, "अहो, आत्ता कशाला? बुधवारी तुमचं ऑपरेशन. सोळा तारीख होऊन जाऊ दे, मग बघू." त्यांनी अध्यक्षांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

अध्यक्ष म्हणाले, "फूटपट्टी, कुणाला कळलंय का हे?"

"मला."

"तुम्ही सोडून."

"बायकोला."

"मग झालं तर! घरातली गोष्ट घरात. तुमच्यासारख्या माणसाच्या नावाला बट्टा कशाला? ती काय, नवी आहे, लागेल कुठेतरी. आपला माणूस तुम्ही आहात."

तेरा वर्षे मी या माणसाच्या चिठ्ठ्यांवर हेच शब्द वाचत आलो होतो. माझ्यासाठी ते पहिल्यांदाच वापरले जात होते. किळस आली. मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, हे काम नियमात बसत नाही," आणि फोन ठेवला.

आवक नोंदवही धाकट्या बाईंच्या टेबलावर होती. त्यांच्या जागी अजून कुणाला बसवलेले नाही. त्यामुळे माझ्याविरुद्धचा माझाच अर्ज मीच त्यांच्या खुर्चीत बसून नोंदवला: आवक क्रमांक ४१८. दुसरी प्रत आणि अकरा अर्ज चौकशी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिले, पोच घेतली. शिक्का पुसट उठला होता, दुसरा मारून घेतला.

तिसरी प्रत घेऊन मी धाकट्या बाईंच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. हात साबणाचे होते, ते कपड्याला पुसून त्यांनी कागद घेतला आणि चौकटीत उभ्या राहून वाचला. दोनदा वाचला.

मग म्हणाल्या, "मी रोज घरी मोजत होते. जुनी वर्तमानपत्रं कापून दोनशे बारा तुकडे केलेत. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चुकतं का बघायला. एकदाही चुकलं नाही. तरी मला वाटायचं, त्या दिवशी चुकलं असेल. सर म्हणतायत म्हणजे चुकलंच असेल."

तारीख कागदात होती. तरी त्यांनी विचारले,

"कधी सापडले तुम्हाला?"

"पंधरा मार्चला."

"वीस दिवस?"

"वीस."

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. एरवी प्रत्येक वाक्याला त्यांचा एक सर असे. दार त्यांनी आपटले नाही, सावकाश लावले. आपटले असते तर बरे झाले असते.

माझ्यावर आता काय कारवाई होईल ते नियमांच्या पुस्तकात आहे. ते प्रकरण माझ्या हस्ताक्षरात आहे.

कलम ७. नियमांची वही.

मी उतरवून काढलेले सेवानियम आणि त्यानंतरच्या सर्व परिपत्रकांची सूची, सहा जाड वह्या, धाकट्या बाईंना द्याव्यात. त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे. आग्रह करू नये, समजावू नये, माझे दुखणे सांगू नये.

कलम ८. अंमलबजावणी.

ती पत्नीने करावी. तिला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

सायंकाळी पाच वाजता साक्षीदार आले. कलम सहावरची रेघ पाहून पत्नी म्हणाली, "कोरे कागद आहेत. पुन्हा नीट लिहून काढा की." बाइंडरही म्हणाला, "साहेब, तुमच्या हातचा असा कागद शोभत नाही. मी थांबतो तोवर." मी नको म्हणालो. छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून खाडाखोडीचा कागद बाहेर गेलेला नाही. हा जाऊ दे. याची स्वच्छ प्रत कुणीही काढू नये, माझ्या मागे काढली तर ती ग्राह्य धरू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि समजून-उमजून दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करत आहे. या दस्तात खाडाखोड एक. ती माझ्या हातची आहे.

सही: कार्यालय अधीक्षक

साक्षीदार १: बाइंडर, खालची गल्ली. लाभ नाही.

साक्षीदार २: डॉक्टरीणबाई, दुसरा मजला. सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत असल्याचे मी तपासले आहे. रक्तदाब जास्त आहे.

स्थळ: घर, पुढची खोली.
दिनांक: ४ एप्रिल, शुक्रवार, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे.